शिल्पं घडवायची की इतरांची मांडायची?

कळव्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते. वय ३२, शिल्पकलेची पदवी. सहा वर्षांपासून दक्षिण मुंबईतल्या एका आर्ट गॅलरीत सहायक, पगार ३८ हजार. स्वतःचं शिल्पकाम चार वर्षांपासून थांबल्यात जमा. समकालीन शिल्पांची क्युरेटर, म्हणजे इतरांची शिल्पं निवडून, जपून मांडणारी, व्हायचं हे मनात पक्कं आहे आणि समोर दोन रस्ते आहेत. पहिला लंडनमधल्या क्युरेशनच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. प्रवेश मिळाला आहे, पण आईवडिलांचा फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज काढावं लागेल. दुसरा, घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरकडे ‘आर्ट कन्सल्टंट’ची नोकरी. तीन टॉवरच्या लॉबीत आणि बागेत शिल्पं बसवायची, पगार ७५ हजार, उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं. वडील वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते विचारतात, “स्वतःचं करायचं सोडून दुसऱ्यांचं मांडत बसणार का?” पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “ठाण्यात राहून हे होणार नाही, हे मला कळतंय. आणि बाबा म्हणतात तेही खरं असेल. शिल्पकार म्हणून कमी पडले म्हणूनच मी हा मार्ग शोधतेय का? काय करू?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात लंडनवर दीड पान आहे, बिल्डरच्या नोकरीवर एक पान आहे आणि बदलापूरजवळच्या एका शेडवर दोन ओळी, त्याही कंसात. मी त्या दोन ओळींपाशीच थांबले. सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून तुम्ही एका ज्येष्ठ शिल्पकारांच्या शेडमध्ये जाता, धूळ खात पडलेली प्लास्टरची कामं पुसता, कुठला साचा कुठल्या कामाचा ते त्यांना विचारून चिठ्ठ्या लावता. याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तुम्ही याला काम म्हणतच नाही. पण शिल्पांच्या क्युरेटरचं काम याहून फार वेगळं नसतं. पुढे जागा मोठी होते, बजेट वाढतं, विमा आणि क्रेन येते. एखादं शिल्प कशाचं आहे, कुणाचं आहे, ते टिकेल कसं, कुठे आणि कशाशेजारी उभं केलं तर बघणाऱ्याला भिडेल, याची जबाबदारी घ्यायची हा गाभा मात्र तोच राहतो. तेव्हा ‘क्युरेटर कशी होऊ’ याला माझं पहिलं उत्तर असं की तुम्ही कामाला लागलेल्या आहात. ते आता नीट, नावानिशी आणि मोबदला घेऊन कसं करायचं, एवढं ठरवू या.

आधी वडिलांचं बोलणं. त्यांचा प्रश्न टोचतो, पण त्यात काळजी आहे, आणि आयुष्यभर हातांनी काम केलेल्या माणसाचा अभिमानही. तुम्ही मात्र त्या प्रश्नात एक गोष्ट पदरची घातलीत: घडवणारा वरचा आणि मांडणारा खालचा, आणि वरून खाली येणं म्हणजे हरणं. आपल्याकडचा अलीकडचा अनुभव तसं सांगत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिनालेचे, म्हणजे केरळातल्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचे क्युरेटर आठवा. २०१४ ला जितीश कल्लाट, २०१६ ला सुदर्शन शेट्टी, दोघंही मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेले, दोघंही काम करणारे कलावंत. २०१८ ला अनिता दुबे, या बिनालेच्या पहिल्या स्त्री क्युरेटर. त्या बडोद्यात कलासमीक्षा शिकल्या, केरळच्या ‘रॅडिकल’ या चित्रकार-शिल्पकारांच्या गटाबरोबर राहून लिहीत होत्या आणि शिल्पाकडे वळल्या त्या त्यानंतर. सुदर्शन शेट्टींचं क्युरेटर होणं हा शिल्पातला पराभव होता असं कुणी म्हणणार नाही. बीकेसीत पंख लावलेली त्यांची बस त्याआधीच उभी होती.

आता चार वर्षं काम थांबल्याबद्दल. ‘कमी पडले’ हे कारण तुम्ही फार पटकन मान्य केलंत. कळवा ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन, आठवड्याचे सहा दिवस नोकरी करून, वन-बीएचकेमध्ये चार माणसांत राहून शिल्प कुठे करणार होतात? चित्रकाराला एक कोपरा पुरतो. शिल्पाला जागा लागते, पाणी लागतं, त्याचा आवाज होतो, धूळ होते, तिसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहतो. तुमचं काम जागेअभावी थांबलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जागेच्या अडचणीला गुणवत्तेचा निकाल समजू नका. तरीही एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. दुसऱ्याच्या स्टुडिओत गेल्यावर तुमचे हात शिवशिवतात, की हे काम कुठे आणि कसं उभं राहील हे डोळ्यांपुढे यायला लागतं? दोन्ही होत असेल तर काही बिघडत नाही. पण पहिलंच होत असेल आणि दुसरं कधीच होत नसेल, तर तुम्हाला क्युरेशनचा अभ्यासक्रम नको आहे, भाड्याची शेड हवी आहे, आणि मग माझं पुढचं सगळं सांगणं बाजूला ठेवा.

तुमचं दुसरं गृहीतक मला जास्त खटकलं. ‘ठाण्यात राहून हे होणार नाही.’ गॅलऱ्या आणि गिऱ्हाईक दक्षिण मुंबईत आहेत, हे मान्य. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतली शाखा १९९६ पासून. पण मोठं शिल्प घडायला उंच छत लागतं, ट्रक आत येईल असा रस्ता लागतो, थ्री-फेज वीज लागते आणि हाक मारली की येईल असा वेल्डर लागतो. हे सगळं वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यात आहे, कुलाब्यात नाही. पेणच्या मूर्तिकारांच्या साच्यांचं ज्ञानही तुमच्यापासून लांब नाही. चित्रांचा क्युरेटर कारखान्यांपासून लांब राहून काम करू शकतो, शिल्पांच्या क्युरेटरला ते परवडत नाही.

या भागाला शिल्पांचा वारसा नाही असंही म्हणता येणार नाही. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. बदलापूरला जाताना तुम्ही दर वेळी त्या स्टेशनावरून पुढे जाता. गेटवेसमोरचा १९६१ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा कल्याणच्या भाऊ साठ्यांचा. बेलापूरला चार्ल्स कोरियांनी आखलेली जी वसाहत आहे तिचं नावच आर्टिस्ट व्हिलेज. तिथे सात-आठ घरांच्या मधे एक सामाईक अंगण आहे, आणि लहान आकाराची शिल्पं बघायला त्याहून चांगली जागा मला सुचत नाही. रहिवाशांशी बोलून, त्यांच्या सोयीने, तिथे एका शनिवार-रविवारचं प्रदर्शन करता येईल का, हे विचारायला हवं. नवी मुंबईत चौकाचौकांत आणि उद्यानांत टाकाऊ वस्तूंपासून केलेली शिल्पं आली आहेत. ती कुणी केली, कशी जोडली, पावसाळ्यानंतर त्यांचं काय होतं, यावर सलग कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तुम्ही लिहा. मराठीत लिहा. समकालीन शिल्पावरचं बहुतेक लेखन इंग्रजी कॅटलॉगमध्ये बंद आहे. ठाण्याच्या माणसाला त्याच्या चौकातल्या शिल्पाबद्दल त्याच्या भाषेत सांगणारी क्युरेटर ही माझ्या मते खरी गरज आहे.

लंडनबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण इथे आकडेच बोलतात. ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे ५४ हजार येतो. तुमचा आजचा पगार ३८ हजार आहे. परत आल्यावर तो दुप्पट झाला तरी हातात उरेल ते आजच्याहून कमी, आणि क्युरेशनमध्ये पगाराच्या जागाच मोजक्या, बाकी कामं प्रदर्शनागणिक. त्यात तारण आईवडिलांचं घर. शिक्षण चांगलं असेल, त्याला मी नावं ठेवत नाही. मात्र या अटींवर, या वर्षी नको. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विद्यापीठाला विचारा, बरीच विद्यापीठं मुभा देतात. दरम्यान चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज करा. ती ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते, तिला वयाची अट नाही, २,८०० तासांच्या कामाचा अनुभव मात्र मागतात. तो तुमच्याकडे आहे. त्या अर्जात ‘मला शिकायचं आहे’ एवढ्यावर भागत नाही. तुम्ही आधी काय उभं केलंत आणि परत येऊन काय करणार, ते विचारतात. बदलापूरची शेड तिथेही उपयोगी पडेल.

आता बिल्डरची नोकरी. तुमच्या सुरात मला थोडी शरम जाणवली, लॉबीत शिल्पं बसवणं म्हणजे खरी कला नव्हे अशी. तसं मानू नका. मोठ्या संख्येने माणसं रोज जाता-येता जे शिल्प बघणार, ते म्युझियममधल्या शिल्पाइतक्याच गांभीर्याने निवडायला हवं. नोकरी घ्यावी असं माझं मत आहे, पण दोन वर्षांसाठी, आणि काही गोष्टी आधी लेखी घेऊन.

पहिली, नक्कल करायची नाही. अशा कामांत हमखास फोटो पुढे केला जातो, की शिकागोतल्या ‘क्लाऊड गेट’ या शिल्पासारखं चकचकीत काहीतरी करून द्या. त्या दिवशी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तुमच्या नेमणूकपत्रात असला पाहिजे. मूळ काम, जिवंत शिल्पकाराशी करार करून, त्याच्या नावाच्या पाटीसह.

दुसरी, शिल्पकाराचे हक्क. यासाठी अमरनाथ सहगल यांचा खटला वाचाच. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि गोदामात टाकलं गेलं, तुकडे झाले. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेत शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला सांगितलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. काम विकलं गेल्यावरही कलावंताचं त्याच्याशी नातं संपत नाही, हे त्या निकालातून ठसठशीत झालं. तुमच्या करारात म्हणून हे आलं पाहिजे: शिल्प हलवायचं किंवा काढायचं झालं तर शिल्पकाराला आधी कळवणं, त्याला परत घेण्याची पहिली संधी देणं, रंग किंवा पॉलिश त्याला विचारल्याशिवाय न बदलणं. टॉवर सोसायटीच्या ताब्यात गेल्यावर हे कलम सोसायटीवरही बंधनकारक राहील असं वकिलाकडून लिहून घ्या. नेमकी तिथेच गडबड होते, कारण नवी कमिटी येते आणि तिला काहीच माहीत नसतं.

तिसरी गोष्ट धातूची, आणि इथे तुमचं शिल्पकार असणं कामी येतं. घोडबंदर रोडच्या एका अंगाला खाडी आहे. ठेकेदार सांगेल, ‘मॅडम, स्टेनलेस स्टील आहे, काही होत नाही.’ साधं ३०४ ग्रेडचं स्टील खारट हवेत उघड्यावर ठेवलं की काही काळाने त्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते या हवेत जास्त तग धरतं. दोन्ही पत्रे शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक कळत नाही. तेव्हा मालाबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणारा कारखान्याचा दाखला, मागायचं आणि ते फाइलला लावायचं. आतला सांगाडा साध्या लोखंडाचा आणि बाहेरचा धातू वेगळा असेल तर दोन धातू जिथे टेकतात तिथे पाणी साचता कामा नये. लोखंड तिथेच आतल्या आत गंजून खाल्लं जातं आणि बाहेरून सगळं छान दिसत राहतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पाया, वारा आणि गंज यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने कागदावर असल्याशिवाय काहीही उभं करू नका, मग ते कितीही लहान असो. आणि बिल्डरने उद्या महापुरुषाच्या पुतळ्याचा विषय काढला तर त्याला लगेच सांगा की त्याची वाट वेगळी आहे. त्यासाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि प्रशासनाची परवानगी लागते, ते लॉबीच्या सजावटीत बसत नाही.

वजनाचाही हिशेब ठेवा. एक घनमीटर संगमरवराचं वजन पावणेतीन टनांच्या आसपास जातं. राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण २०० किलो एवढा भार धरलेला असतो. पोडियमवरच्या बागेत दगड ठेवायचा म्हणजे खाली पार्किंगचा कॉलम कुठे आहे ते नकाशात बघूनच जागा ठरवायची. हे तुम्ही बोलायला लागलात की बांधकामवाले तुमचं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

शिल्प ज्यांच्या वाटेत येणार, त्यांना विचारणंही तुमच्या कामाचा भाग समजा. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात रिचर्ड सेरा यांची पोलादाची लांबलचक वाकडी भिंत १९८१ मध्ये उभी राहिली आणि तिथे रोज काम करणाऱ्यांच्या विरोधानंतर १९८९ मध्ये तोडून काढली गेली. त्या वादात कोण बरोबर, यावर अजून दोन मतं आहेत. मला तरी शिल्प काढणं चूक वाटतं. पण लोकांशी बोलणं शिल्प बसवण्याच्या आधी व्हायला हवं होतं, यावर वाद नसावा. तुमच्या टॉवरमध्ये तिथले वॉचमन, झाडलोट करणाऱ्या बायका, संध्याकाळी खेळणारी मुलं, बाकावर बसणारे आजीआजोबा यांच्याशी बोला. मूल चढणार हे धरूनच कडा आणि उंची ठरते.

या अटी त्यांनी मान्य केल्या नाहीत तर नोकरी घेऊ नका, ७५ हजार असले तरी. गॅलरीतली नोकरी तोवर चालू ठेवा. लॉबी सजवणाऱ्या म्हणून एकदा नाव झालं की पुढे तशीच कामं येत राहतात, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे त्याच दोन वर्षांत स्वतःचं एक गंभीर काम उभं करणं. ते काम बदलापूरला आहे.

त्या शेडकडे आता येऊ. चिठ्ठ्या लावणं थांबवा आणि नोंदवही घ्या, जाड पुठ्ठ्याची. चिठ्ठी पावसाळ्यात गळून पडते आणि मग नुकसान आधीपेक्षा मोठं होतं. प्रत्येक कामाला एक क्रमांक. तो कामाच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी, आणि तोच वहीत. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, अंदाजे वजन, माध्यम, साल माहीत असेल तर साल, नाहीतर ‘१९७० नंतर’ असं शिल्पकारांच्या आठवणीप्रमाणे. चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. खाली झोपवून एक तळाचा. सही कुठे आहे, साचा आहे का, कुठल्या अवस्थेत, त्यातून आतापर्यंत किती प्रती निघाल्या, त्या कुणाकडे गेल्या. हा शेवटचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात मोलाचा तोच. ब्राँझच्या बाबतीत आठ प्रती आणि शिल्पकाराच्या स्वतःच्या चार, मिळून बारा, अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. शिल्पकार गेल्यावर घरच्यांनी साच्यातून आणखी प्रती ओतायच्या का, हा प्रश्न कधीतरी येणारच. त्यांची इच्छा आजच, ते बोलताहेत तोवर, लेखी घेऊन ठेवा.

प्लास्टरवर तपकिरी रेघ उमटलेली दिसली का कुठे? पत्रासोबतच्या फोटोत मागच्या रांगेतल्या उभ्या आकृतीच्या घोट्याशी मला तशी एक दिसते. आतल्या लोखंडी सळईला गंज चढला आहे. प्लास्टर हवेतला ओलावा ओढून घेतं, सळई गंजून फुगते आणि आतून प्लास्टरला तडा देते. ते काम आधी जमिनीवरून उचलून लाकडी फळीवर घ्या, भिंतीपासून वीतभर लांब. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका, ओलावा आतच कोंडतो. जुनं सुती कापड बरं. तडा बुजवायला लगेच नवं प्लास्टर भरू नका, आधी कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे कलाकृतींच्या जतनाच्या तज्ज्ञाला, दाखवा. आणि ‘हे तर नुसतं प्लास्टर, ब्राँझ नाही’ असं शिल्पकार स्वतः म्हणत असतील तर त्यांना गणपतराव म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ची आठवण द्या. जे. जे.मध्ये शिकत असताना त्यांनी प्लास्टरमध्येच घडवलेली ती मूर्ती, आणि तिच्यावरच त्यांचं नाव झालं.

एक दिवस काढून मांडव्याजवळ सासवण्याला जाऊन या. शिल्पकार विनायक करमरकरांचं, म्हणजे नानासाहेबांचं घर आणि त्यांची शिल्पं तिथे एकत्र राहिली आहेत. १९६७ ला ते गेले, तरी त्यांची कामं त्यांच्याच अंगणात आणि घरात आज बघायला मिळतात. शिल्पकाराचं घर संग्रह होऊ शकतं, त्यासाठी कुटुंब कसं सोबत लागतं, हे तिथे समजतं. बदलापूरच्या शिल्पकारांच्या मुलांशी किंवा सुनेशी तुम्ही कधी बोललात का, याचा पत्रात उल्लेख नाही. बोला. एक साधं संमतिपत्र करा: नोंदणी कोण करणार, फोटोंचे हक्क कुणाचे, नोंदवहीची प्रत कुणाकडे राहणार. कॉपीराइट शिल्पकाराचा, आणि त्यांच्यानंतर साठ वर्षं वारसांचा असतो. कॅटलॉगमध्ये फोटो छापायलाही परवानगी लागते. आणि या कामाचे पैसे मागा. शिल्पकारांकडून नाही, त्यांच्याकडे नसतील. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अशा संग्रहांच्या आणि दस्तऐवजांच्या कामाला अनुदान देतं. दिल्लीच्या खोज या कलासंस्थेकडेही क्युरेटरांसाठी उपक्रम असतात. अर्जाला जोडायला तुमची वही हवी.

वर्षभराने त्यातली आठ-दहा कामं निवडून ठाण्यातच एक प्रदर्शन करा. कापूरबावडीचं ठाणे कला भवन आहे, दर आणि तारखा महापालिकेकडे विचारा. ‘अमुक यांची निवडक शिल्पं’ असं करू नका. एक प्रश्न धरून करा, उदाहरणार्थ गंज, साचे आणि राहून गेलेली कामं. शेजारी दोन तरुण शिल्पकारांना बोलवा, त्यांच्याकडून त्या साच्यांना उत्तर म्हणून नवं काम करून घ्या. समकालीन हा शब्द तिथे खरा होईल. दालनात शिल्प भिंतीला चिकटवून ठेवू नका. चहूबाजूंनी फिरता येईल इतकी वाट सोडा, व्हीलचेअर जाईल इतकी. प्रकाश एका बाजूने द्या, समोरून दिला की घडण सपाट होते. एक-दोन मजबूत कामं हात लावून बघायला मोकळी ठेवा आणि दृष्टिहीन मुलांच्या शाळेला आधी कळवा. टेम्पो, हमाल, चेनपुली, खोकी, विमा हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत येऊ दे. हार-तुरे आणि चहापाणी शेवटी. विमा कामाच्या मूळ जागेवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंतचा घ्या. शिल्पं दालनात मोडतात त्याहून जास्त टेम्पोत मोडतात.

अभ्यासाची भूक असेल तर ती भागवायला लंडनच हवं असं नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि कलाकृतींच्या जतनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक आणि समकालीन भारतीय कला व क्युरेशनचा डिप्लोमा चालवला आहे, पुढची तुकडी कधी ते विचारा. फोर्टातल्या ज्ञानप्रवाह या संस्थेत कलेतिहासाचे वर्ग असतात. कळव्याहून भायखळ्याला स्लो लोकल थेट जाते. त्या संग्रहालयाच्या जुन्या कपाटांमधे समकालीन काम कसं मांडतात ते बघा, आणि मागच्या आवारात शहरातून उचलून आणून ठेवलेले वसाहतकाळातले पुतळेही बघा. चौकातून काढलेल्या पुतळ्यांचं पुढे काय करायचं, हाही क्युरेटरपुढचा प्रश्न आहे, आणि बिल्डरला तो कुणी विचारलेला नसणार.

अशाच पेचातली पत्रं मला नाशिक, कोल्हापूर, नागपूरहूनही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी दोन गोष्टी. आपल्या तालुक्यात कुठल्या ना कुठल्या शिल्पकाराची, मूर्तिकाराची, ओतारी घराण्याची अशी एक शेड नक्की सापडेल. तिथे वही घेऊन जा, पण घरच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. त्यामुळे विश्वास तुटतो आणि दार बंद होतं. आणि कुणी ‘एक प्रदर्शन क्युरेट करून द्या, नाव होईल’ म्हणालं, तर कामाला हात लावण्याआधी मेलवर चार ओळी पाठवा: मानधन किती, त्यातलं किती आगाऊ, प्रदर्शन रद्द झालं तर किती, आणि मजकुराखाली तुमचं नाव येणार की नाही. उत्तर मेलवरच येऊ द्या, फोनवर नको.